सात दिवसांचा हिशोब

सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. शहरातली वकिली सोडून तालुक्याला ॲट्रॉसिटीच्या केसेस बघायचं ठरवलंस, बरं वाटलं. पण चार पानांत कलमंच कलमं, पैशाबद्दल एक ओळ नाही. म्हणून लिहायला बसलो.

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा सगळेच वाचतात. तू त्याखालचे १९९५ चे नियम वाच, २०१६ च्या दुरुस्तीसकट. पीडिताला ७ दिवसांत मदत द्यायची, असं नियम १२ सांगतो. जातिवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्यात १ लाख रुपये: २५ टक्के एफआयआर झाल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, बाकीचे खालच्या कोर्टात शिक्षा लागल्यावर. खून असेल तर सव्वाआठ लाख, निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्रानंतर. शिवाय विधवेला किंवा मृतावर अवलंबून असलेल्यांना दरमहा ५,००० रुपये मूळ पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता.

सातच दिवस का, ते गावात राहिल्यावर कळतं. फिर्याद दिली की दुसऱ्या दिवसापासून शेतावर बोलावणं बंद. दुकानदाराला जुनी उधारी आठवते. गिरणीवाला म्हणतो, पट्टा तुटलाय. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी शहाणा माणूस ‘आपसात मिटवून टाका’ म्हणत ओट्यावर येऊन बसतो, आणि तेव्हा डब्यात पीठ आहे की नाही यावर केस टिकते.

एका मावशींसोबत मी कचेरीचे हेलपाटे घातले होते. आधी जातीचा दाखला, मग पासबुकाची झेरॉक्स, मग ‘निधी आलेला नाही’. पहिला हप्ता आला तोवर त्यांचा मुलगा उचल घेऊन ऊसतोडीला गेला होता. साक्षीची तारीख लागली तेव्हा तो फडात, मुकादम सोडेना. साक्ष झालीच नाही. साक्षीला येणाऱ्याला प्रवासखर्च आणि किमान वेतनाहून कमी नाही इतका रोजचा खर्च द्यायचा, हे नियम ११ मध्ये आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. साक्षीदार फितूर झाला की सगळे त्याला नावं ठेवतात. त्याची हजेरी किती बुडाली ते कुणी विचारत नाही. तू विचार.

‘पैशासाठी केस केली’ हे तुला रोज ऐकायला मिळेल. चिडू नकोस, हप्ते कधी मिळतात ते सांग आणि पुढे चल. मला जास्त भीती आपल्यातल्याच मध्यस्थांची वाटते. ‘मंजूर करून देतो, टक्का ठेव’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या चहालाही जाऊ नकोस.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची जिल्ह्याची दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची राज्याची जानेवारी आणि जुलैत. इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागव. बैठक झाली नसेल, तर तेही लेखी घे.

आणि एक, जरा अवघड. आरोपीच्याच बांधावर मजुरीला जावं लागत असेल तर निकाल काहीही लागो, भीती जात नाही. दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीनाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळते, पण सरकारी दराने विकायला कुणी तयार होत नाही, म्हणून प्रस्ताव पडून राहतात. माझ्या हातून फार थोडे निघाले. तुझ्या तालुक्यातले किती अडकलेत, ते समाजकल्याण कार्यालयातून काढ.

प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. फोन रात्री नऊनंतर कर, दिवसा मी रानात असतो, तिथे रेंज नाही.

तुझा,
काका