घातांक ३ हवा, येतोय २: चूक कुठे?

प्रश्न: बाराबाशी–आल्बर्ट यांचं १९९९चं जाळ्याच्या वाढीचं प्रारूप (ज्याचे दुवे जास्त, त्याला नवे दुवे मिळायची शक्यता जास्त) संगणकावर चालवून पाहिलं. १ लाख नोड (जाळ्यातले बिंदू), प्रत्येक नवा नोड ३ दुवे घेऊन येतो. दुवे वाढतील तशी तेवढे दुवे असलेल्या नोडची संख्या किती झपाट्याने घटते हे सांगणारा घातांक इथे ३ असतो, म्हणून लॉग-लॉग आलेखाचा (दोन्ही अक्ष लॉग प्रमाणात) उतार ३ यायला हवा, पण २च येतो. शिवाय वेबच्या पानांकडे येणाऱ्या दुव्यांचा घातांक २.१च्या आसपास निघाला आहे. मग हे प्रारूप वेबला लावायचं कसं?

उत्तर: आधी उभ्या अक्षावर काय मांडलंय ते बघा. ‘इतके किंवा त्याहून जास्त दुवे असलेले नोड’ असं मांडलं असेल, तर तो संचयी आलेख झाला, आणि त्याचा उतार घातांकापेक्षा १ने कमीच येतो. म्हणजे तुमचा २ बरोबर आहे.

तरीही उतारावर विसंबू नका. आलेखाच्या शेपटाकडे मोजकेच नोड उरतात, त्यामुळे तिथे रेषा भरकटते. त्यापेक्षा नोड मोजा: ३ दुव्यांच्या प्रारूपात नेमके ३ दुवे असलेले ४० टक्के आणि ४ असलेले २० टक्के यायला हवेत. हे जुळलं नाही तर घातांक काढत बसू नका, चूक प्रोग्रॅममध्ये आहे.

ती बहुतेकदा निवडीत सापडते. प्रत्येक दुव्याची दोन्ही टोकं एका यादीत टाकत जा. ज्याचे दुवे ५० त्याचं नाव यादीत ५० वेळा येतं, म्हणून डोळे मिटून एक नाव उचललं की दुव्यांच्या प्रमाणातली निवड आपोआप होते. सुरुवात एकमेकांना जोडलेल्या ४ नोडनी केली तर यादीत १२ नावं असतील. तिन्ही निवडी पुऱ्या होईपर्यंत नव्या नोडचं नाव यादीत घालू नका, नाहीतर तो स्वतःलाच जोडला जातो. एकच नाव दोनदा आलं तर दुसरं उचला.

आता २.१. त्यासाठी दुव्यांना दिशा द्या आणि यादीत फक्त ज्याच्याकडे दुवा जातो तेच टोक ठेवा. निवडीची शक्यता ‘येणारे दुवे अधिक एक ठराविक आकर्षण (प्रत्येक नोडला सारखाच दिलेला आकडा)’ या प्रमाणात धरा. डेरेक प्राइस यांनी १९७६मध्ये संदर्भसूचींच्या (एका शोधनिबंधाने दुसऱ्याचा दिलेला संदर्भ) जाळ्यासाठी हेच केलं होतं. घातांक येतो २ अधिक (आकर्षण भागिले ३); हे ३ म्हणजे नव्या नोडचे दुवे. आकर्षण ०.३ घेतलं की २.१. प्रोग्रॅममध्ये हे सोपं आहे: ११ पैकी सरासरी १० वेळा यादीतून उचला, एकदा सगळ्या नोडमधून कुठलाही. हा अकरावा हिस्सा गाळू नका. नव्या पानाकडे येणारे दुवे शून्य असतात, यादीत त्याचं नावच नसतं. त्याला पहिला दुवा मिळायची वाट तेवढीच.