पुस्तक ‘उपलब्ध’ आहे, पण रॅकवर नाही

नवे सत्र सुरू झाले की विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीच गर्दी आणि तेच प्रश्न. निम्म्या प्रश्नांची उत्तरे दारातल्या फलकावर लिहिलेली असतात. पण फलक वाचायचा नसतो, असा काहीतरी अलिखित नियम असावा. म्हणून पुन्हा एकदा लिहितो.

प्रश्न : संदर्भ विभागातला शब्दकोश एका रात्रीसाठी घरी नेता येईल का?

नाही. कोशातली दोन पाने हवी असतात, ती तिथेच बसून उतरवून घ्या. अपवाद असलाच तर तो संदर्भ ग्रंथपालच करू शकतात, त्यांना विचारा.

प्रश्न : संगणकावर पुस्तक ‘उपलब्ध’ दिसते, रॅकवर मात्र नसते. तीन वेळा असे झाले. कर्मचारी नोंदी नीट करत नाहीत का?

नोंद बहुधा बरोबर असते. ‘उपलब्ध’ म्हणजे ते पुस्तक सध्या कोणाच्या नावावर नाही, एवढेच. ओपॅकला, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीला, रॅक दिसत नाही. पुस्तक वाचनकक्षातल्या टेबलावर असेल, झेरॉक्स मशिनपाशी विसरले असेल किंवा सकाळी परत येऊन ट्रॉलीत पडले असेल.

पण त्याआधी तुम्ही योग्य जागी पाहिलेत का? पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला बोधांक म्हणजे त्याचा पत्ता, आणि तो चुकीचा वाचला जातो. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली आणलेली दशांश वर्गीकरण पद्धत तुमच्याकडे असेल, तर नावातच उत्तर आहे : दशांश. ३३०.१५ आधी येते, ३३०.९ नंतर. पंधरा नवापेक्षा मोठे, हा हिशेब इथे चालत नाही. टिंबानंतरचा एकेक अंक स्वतंत्रपणे पाहायचा. ३३०.१५ हा आर्थिक विचारप्रणालींचा वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, आणि ३३०.९ आर्थिक परिस्थितीचा. चुकलात तर भलत्याच कप्प्यासमोर उभे राहून आम्हाला बोल लावाल. वर्गांक सारखा असेल तर पुढची ओळ पाहा, तिथे बहुधा लेखकाच्या नावाची अक्षरे असतात. बोधांकाआधी ‘संदर्भ’ किंवा ‘पाठ्य’ अशी खूण असेल तर ते पुस्तक या दालनात नाहीच.

आता माझ्या डोक्यात कायम वळवळणारा किडा. पुस्तक चाळून झाले की कृपा करून ते स्वतः रॅकवर ठेवू नका. तुम्हाला वाटते आपण मदत केली. दोन कप्पे इकडेतिकडे ठेवलेले पुस्तक लाखभर पुस्तकांच्या ग्रंथालयात हरवल्यातच जमा असते, आणि चोरीपेक्षा हे वाईट. चोरीला गेलेले निदान आज ना उद्या यादीतून बाद होते; हे मात्र ‘उपलब्ध’ म्हणून मिरवत राहते आणि तुमच्यासारख्याला तीन तीन खेपा घालायला लावते. त्याहून वाईट म्हणजे परीक्षेच्या तोंडावर हवे ते पुस्तक मुद्दाम दुसऱ्या विषयात दडवणारे महाभाग. माझ्या नोकरीत व्याकरणाचे एक पुस्तक रसायनशास्त्राच्या रांगेमागे सापडले, तेही ग्रंथपडताळणीत ‘गहाळ’ ठरून त्याची दुसरी प्रत विकत घेतल्यावर. ते लपवणारा तोवर पदवी घेऊन गेला असणार! ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे आहे, ‘वाचकाचा वेळ वाचवा’. ते केवळ कर्मचाऱ्यांसाठी नाही. शिवाय पुष्कळ ग्रंथालयांत टेबलावर राहिलेली पुस्तकेही मोजतात. कोणते पुस्तक खरोखर हाताळले जाते हे त्यावरून कळते आणि जादा प्रत घ्यायची की नाही, हे ठरवताना तो आकडा कामी येतो.

तेव्हा पुस्तक टेबलावर किंवा ट्रॉलीत ठेवा. हवे ते मिळत नसेल तर बोधांक आणि दाखल क्रमांक (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदणी क्रमांक) लिहून काउंटरवर द्या, शोधायला सांगा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

प्रश्न : माझा विषय ‘पाणी’ आहे. पाण्याची पुस्तके कोणत्या मजल्यावर?

एका मजल्यावर नाहीत. वर्गीकरण अभ्यासशाखेनुसार असते, वस्तूनुसार नाही. ड्यूईत जलविज्ञान ५५१.४८, पाणीपुरवठा ६२८.१ आणि संसाधन म्हणून पाण्याचा विचार ३३३.९१. तीन मजले चढावे लागतील. ओपॅकमध्ये शीर्षकाऐवजी ‘विषय’ निवडून शोधा आणि संदर्भ ग्रंथपालांकडे अर्धा तास मागून घ्या. हे विचारायला संकोच वाटतो असे बरेच जण म्हणतात. त्याच कामाचा त्यांना पगार मिळतो.

प्रश्न : बॅग ठेवून जागा राखता येते का?

नाही.

प्रश्न : एका शोधनिबंधासाठी संकेतस्थळ पैसे मागते आहे. एक ओळखीचा एजंट स्वस्तात मिळवून देतो म्हणतो, शिवाय माझा निबंधही आठ दिवसांत ‘मान्यताप्राप्त’ नियतकालिकात छापून देईल.

कार्ड बाहेर काढू नका. तो निबंध विद्यापीठाच्या वर्गणीत आधीच असू शकतो. आवाराबाहेरून संकेतस्थळाला तुम्ही विद्यापीठाचे आहात हे कळत नाही म्हणून ते पैसे मागते. ग्रंथालयाकडून रिमोट लॉगिन घ्या. वर्गणीत नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, मागवा. त्याला दिवस लागतात, म्हणून आदल्या रात्री जागे होऊ नका. लेखकाला थेट मेल केली तरी निबंध पुष्कळदा मिळतो.

आठ दिवसांत छापणारा निबंध तपासतो कधी? ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द आणि आठ आकडी आयएसएसएन पुढे करून फसवणूक चालते. तो क्रमांक नियतकालिकाची ओळख सांगतो, गुणवत्ता नाही. पैसे देण्याआधी मार्गदर्शकांना आणि ग्रंथपालांना नाव दाखवा. नंतर दाखवून उपयोग नाही.

प्रश्न : चॅटबॉटने पाच संदर्भ दिले. त्यातला एकही तुमच्या ओपॅकमध्ये नाही. संग्रह इतका अपुरा कसा?

संग्रह अपुरा असेलही, पण आधी ती पुस्तके अस्तित्वात आहेत का ते पाहा. ही यंत्रे लेखक खरा, शीर्षक पटण्याजोगे आणि पुस्तक काल्पनिक अशी यादी बेधडक देतात. निबंध असेल तर त्याचा डीओआय, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक, उघडून पाहा. पुस्तकाचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे ओळखक्रमांक, असेल तर आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला १० ने पूर्ण भाग गेला नाही तर क्रमांक नक्की चुकीचा. भाग गेला म्हणजे पुस्तक आहेच असे नाही, ते इतर ग्रंथालयांच्या सूचीत शोधा. तिथेही सापडले नाही तर यादी घेऊन संदर्भ ग्रंथपालांकडे जा.

प्रश्न : उद्या प्रबंध सादर करायचा आहे. ‘नो ड्यूज’ आज मिळेल का? माझ्या नावावरचे एक पुस्तक सापडत नाही.

अवघड आहे. ‘नो ड्यूज’, म्हणजे ग्रंथालयाचे काही देणे नाही असा दाखला, हा शेवटच्या दुपारी मारून घ्यायचा शिक्का नव्हे, महिनाभर आधी आपले खाते तपासायचे असते. हरवलेल्या पुस्तकाबद्दल नवी प्रत द्यायची की किंमत भरायची, याचा नियम ग्रंथालयागणिक वेगळा. परस्पर प्रत विकत घेऊन येऊ नका, आवृत्ती जुळली नाही तर दोनदा खर्च होईल. आज, आत्ता ग्रंथपालांना भेटा. आणि त्यांना रॅक पाहायला सांगा. तुम्हीच कधीतरी ते काउंटरवर न देता परस्पर रॅकवर ठेवून गेला असाल. शेजारचे दोन कप्पेही पाहायला सांगा.