मृत्युपत्रावर मिळणारा प्लॉट

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आहे. सुट्टीला जाऊन राहायला जंगलाजवळ छोटं घर बांधायचंय. जागा दोन पाहिल्यात. एक दाजीपूरच्या वाटेवर, आठ गुंठे, जिराईत, एजंटच्या शब्दांत ‘दारात गवे येतात’. दुसरी आंब्याकडे, चांदोलीच्या बाजूला, गावठाणाला लागून, एनए म्हणजे बिगरशेती झालेली, पण जवळजवळ दुप्पट भावाची. पहिल्या जागेला तीन लाख विसार देऊन दोन वर्षं होत आली. आता एजंट म्हणतोय, ‘खरेदीखत सध्या नको. मालक तुमच्या नावे मृत्युपत्र आणि कुलमुखत्यारपत्र करून देतील, घर बांधायला घ्या, पुढचं पुढं.’ प्रश्न असा की कुठली जागा घ्यावी.

शेतकरी दाखला, तीस वर्षांचा शोध अहवाल, सातबारावरची नावं यावर मी लिहीत नाही. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या कर्जासाठी हे सगळे कागद मागितलेत. स्वतःच्या वेळेला मात्र नोटरीच्या एका कागदावर तीन लाख देऊन मोकळे झालात. असो.

तुमच्या पत्रात महत्त्वाचा शब्द एकच आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. आपली जमीन विकणारा माणूस मृत्युपत्राची भाषा का करेल? कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम २०. अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीत कुणालाही नवा हक्क मिळत नाही. अपवाद फक्त वारसाहक्काचा, मग तो मृत्युपत्राने असो वा मृत्युपत्राशिवाय. कलम ३५ मुळे हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. एजंटला कलमाचा आकडा ठाऊक नसेल, पण त्यातली फट त्याला बरोबर माहीत आहे.

दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं. १९८५ मध्ये हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. त्या हद्दीत सगळं सरकारी जंगल नाही, गावं आहेत, मालकीची शेतं आहेत. तिथला शेतकरी आपली जमीन कसू शकतो, त्याच्या मुलांना ती वारसाने मिळते. तुम्हाला मात्र खरेदीने काहीच मिळत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतीलही, ते हद्द तपासायला बसलेले नाहीत. एखादा फेरफारही मंजूर झालेला दिसतो. पण दस्त नोंदला म्हणून हक्क मिळाला असं होत नाही. पुढे पुनर्वसन किंवा मोबदल्याची वेळ आली की सरकार मूळ खातेदार आणि त्याचे वारस शोधणार. तेव्हा तुमच्या व्हरांड्यातल्या झोपाळ्याला कोण विचारतो?

मग मृत्युपत्र करून घेऊ, असं वाटेल. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत ते कधीही रद्द करू शकतो, तेही तुम्हाला न कळवता. तो गेल्यावर त्याची मुलं तुम्हाला कोर्टात भेटतील, आणि पैसे घेऊन केलेलं हे मृत्युपत्र नसून विक्रीच होती, हे दाखवायला तुमची विसारपावतीच त्यांच्या उपयोगी पडेल. कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच स्पष्ट केलंय. तरीही हा जोडकागद आपल्याकडे चहाबरोबर बिस्किटं द्यावीत तसा पुढे केला जातो.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवतो. मृत्युपत्राचं कारण तुकडेबंदीही असू शकेल, म्हणजे शेतजमिनीचे फार छोटे तुकडे विकायला असलेली मनाई. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे चालणारा कमीत कमी तुकडा, जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे आहे, तुमचे आठ गुंठे दोन्हीत बसत नाहीत. त्या नियमांत सवलती येत-जात असतात, म्हणून त्यावर आज ठाम बोलत नाही. पण अडचण तुकड्याची असेल तर ती कधीतरी सुटू शकते. हद्दीची असेल तर सुटण्याची वाट पाहू नका. अभयारण्यातल्या लोकांचे हक्क ठरवण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो दोन वर्षांत पुरं करावं, असं वन्यजीव अधिनियमाचं कलम २५अ म्हणतं. आणि त्याच कलमाचा पुढचा भाग सांगतो की ते पुरं झालं नाही तरी अधिसूचना रद्द होणार नाही. म्हणजे दिरंगाई सरकारची, आणि भोगायची जमीनवाल्याने.

तेव्हा गट नंबर आणि भूमी अभिलेखचा गटनकाशा जोडून कोल्हापूरच्या वन्यजीव विभागाला लेखी दोन गोष्टी विचारा. हा गट अधिसूचित हद्दीत आहे का, आणि हक्कनिश्चितीत तो हद्दीतून वगळला आहे का? उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. ‘आमच्या ओळखीच्या गार्डनी सांगितलं’ हे उत्तर धरू नका. गट हद्दीबाहेर निघाला तरी अभयारण्याभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र पाहावं लागेल. तशा अधिसूचनांत बांधकामाची मोकळीक साधारणपणे स्थानिकांना, त्यांच्या राहण्यापुरती असते. राजारामपुरीचा माणूस तिथं स्थानिक ठरेल का? मला शंका आहे.

आंब्याच्या जागेकडे माझा कल आहे, पण तो कलच समजा. तिथं सातबाराच्या इतर हक्कांत आणि जुन्या फेरफारांत ‘खाजगी वन’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) च्या नोटिशीची नोंद आहे का ते बघा. अशा जुन्या नोटिशींवरून जमीन खाजगी वन ठरवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या गोदरेज प्रकरणात २०१४ मध्ये जमीनमालकांना दिलासा मिळाला हे खरं. तो निकाल तुमच्या गटाला लागू करून घ्यायला मात्र पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल. पश्चिम घाटाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या मसुद्यात गावाचं नाव आहे म्हणून लोक घाबरतात. त्या मसुद्यातली बांधकामबंदी वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या इमारतींची आहे, तुमच्या दोन खोल्यांची नाही.

राहिले तीन लाख. विसारपावतीत ‘मुदतीत खरेदी न केल्यास विसार जप्त’ असं वाक्य असणारच. मालक त्यावर बोट ठेवेल. जमीन विकताच येत नव्हती असं निघालं तर ते वाक्य फारसं टिकू नये, पण खात्री देत नाही. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची धरा, आणि ती विसाराच्या तारखेपासूनच मोजा. जमिनीवर बोजा दाखवून बारा वर्षांची मुदत मागता येते असा युक्तिवाद आहे, पण जिथं नवा हक्कच निर्माण होत नाही तिथं बोजा कसला, हे समोरचा वकील विचारल्याशिवाय राहणार नाही. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर आता हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, म्हणून तुमचा वसुलीचा दावा लवकर संपेल या भ्रमात राहू नका. तो सुरू होणार दिवाणी न्यायालयात, आणि तिथल्या तारखांची तुम्हाला कल्पना असेलच.

म्हणून याच आठवड्यात मालकाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : खरेदीखत करून देण्यास कायद्याची अडचण आहे का ते कळवा, अन्यथा विसार परत करा. मृत्युपत्राच्या मसुद्याचा एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पुसू नका, तो पुरावा आहे. आंब्याच्या जागेचा एनए आदेश मला पाठवा, पहिलं पानच नव्हे, मागच्या अटींसकट.