साठा कधी तुटतो, कधी तुंबतो

प्रश्न : आमच्या गोदामात कधी माल कमी पडतो, तर कधी पाय ठेवायला जागा नसते. विक्री मात्र जवळपास स्थिर आहे. विक्रीवाले खरेदीला बोल लावतात, खरेदीवाले पुरवठादाराला. इथे ‘सिस्टिम थिअरी’चा (सुटे भाग न पाहता ते एकमेकांवर कसे परिणाम करतात ते पाहण्याची पद्धत) खरंच काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि तोही कागद-पेन्सिलीवर. विक्री स्थिर असेल तर दोष माणसांत कमी, ऑर्डर काढण्याच्या नियमात जास्त असतो. समजा, आठवड्याची विक्री १०० नग, साठा ३०० ठेवायचा आणि मागवलेला माल चार आठवड्यांनी येतो. विक्री ११० झाली आणि तिथेच राहिली. खरेदीचा नियम साधा : विकलं तेवढं, अधिक साठ्यातली तूट. पहिल्या आठवड्याअखेर साठा २९०, म्हणून ऑर्डर १२०ची. पुढे १३०, १४०, १५०. चौथ्या आठवड्यात साठा २६०. मग मागवलेलं येऊन आदळू लागतं. दहाव्या आठवड्यात साठा ४०० आणि ऑर्डर अवघी १०. सोळाव्यात साठा ३०! विक्री वाढली होती फक्त दहा नगांनी.

चूक एवढीच, की तीच तूट दर आठवड्याला नव्याने मागवली जाते. वाटेवरचा माल कुणी धरतच नाही. (संगणकात तो आकडा बहुधा असतो, बघत कुणी नाही.)

म्हणून हातातला साठा आणि वाटेवरचा माल एकत्र मोजा. लक्ष्य : साठा ३०० अधिक चार आठवड्यांची विक्री ४४०, म्हणजे ७४०. पहिल्या आठवड्याअखेर हातात २९०, वाटेवर ३००, ऑर्डर १५०ची. त्यानंतर दर आठवड्याला सरळ ११०. साठा २६०पर्यंत उतरतो, पाचव्या आठवड्यात ३००वर येतो आणि तिथेच राहतो.

लक्ष्य मात्र एका आठवड्याच्या विक्रीवरून हलवू नका, ऑर्डर उगाच फुगते. आठ आठवड्यांची सरासरी घ्या, महिन्यातून एकदाच बदला. आणि माल यायला लागणारा वेळ पुरवठादाराच्या तोंडचा नको. मागच्या दहा-बारा खेपांच्या तारखांवरून काढा.

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतल्या कारखान्यांमधले कामगार भरती-कपातीचे चढउतार असाच हाताने हिशेब मांडून तपासले. त्यांचं मूळ बाजारात नव्हे, कंपनीच्याच नियमांत निघालं.

प्रश्न : प्रत्येक विभाग आपलं टार्गेट गाठतो, तरी ऑर्डरी वेळेवर जात नाहीत. असं कसं?

उत्तर : आत अडकलेलं काम मोजा. १२० ऑर्डरी आत आणि रोज बाहेर पडतात १०, तर सरासरी १२ दिवस लागणारच. बाकीच्या विभागांनी वेग वाढवला तर सर्वांत मंद टप्प्यापुढचा ढीग तेवढा वाढतो. जेवढ्या बाहेर पडतील तेवढ्याच आत सोडा. आत ६० राहिल्या तर ६ दिवस. फक्त तो मंद टप्पा रिकामा बसता कामा नये. ग्राहकाला तारीख देताना मात्र दाराबाहेर थांबवलेल्या ऑर्डरीही धरा, नाहीतर उशीर तसाच राहील, फक्त दिसेनासा होईल.