लेक पुण्यात, तुम्ही न्यू जर्सीत

वहिनी, लेक ऑगस्टमध्ये सेमिस्टरसाठी पुण्याला चाललीय, म्हणजे आता तुमचा जीव टांगणीला. रोज फोनचा आग्रह मात्र धरू नका. तुम्ही रात्री साडेनऊला लावाल तेव्हा तिकडे सकाळचे ७, तिची आंघोळीला गरम पाणी काढायची घाई. रविवारी सकाळी ९ ला निवांत बोला, तिकडे संध्याकाळ असते. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की अंतर साडेदहा तासांचं होतं, तेवढं लक्षात ठेवा.

तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असेल तर नोंदणीचा काही प्रश्न नाही. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर जात असेल तर पोचल्यावर १४ दिवसांत एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची, ऑनलाइन नोंदणी लागते. त्यासाठी घरमालक किंवा हॉस्टेलने भरलेला सी-फॉर्म (परदेशी व्यक्ती आपल्याकडे राहते अशी नोंद) तिने पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा, नाहीतर तो 'उद्या देतो'वरच अडकतो.

पोट एकदा बिघडणारच. ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, नाहीतर आत्या, मावशा, काकू सगळ्या औषधं सुचवत बसतील (आणि एखादी डबा घेऊन थेट हॉस्टेलवर!). पुण्यातल्या एकाच नातेवाइकाला अडीअडचणीसाठी सांगून ठेवा. बाकीच्यांकडे ती गणपतीला जेवायला जाईलच.