पाहुणा आलाय की राहायला आलाय?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फुटबॉल मॅनेजरनं जुन्या क्लबात परत जायचंच असेल तर माहेरपणाला जातात तसं जावं, चार दिवस लाड करून घ्यावेत, लोणच्याची बरणी घ्यावी आणि निघावं, मुक्काम लांबला की भांड्याला भांडं लागतं. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. दोघांनी शिव्या पण घातल्यात, त्या छापत नाहीये.

प्र. : दादा, पोर्तुगालचा कोच मोरिन्यो लिस्बनच्या बेनफिका क्लबात गेला तेव्हा सगळे 'परत आला' म्हणत होते. मी म्हणतो तो बेनफिकाच्या वैऱ्यांचा, पोर्तोचा माणूस, बेनफिकाचा कधी नव्हताच. कट्ट्यावर मिसळीची पैज लागलीय. (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उ. : मिसळ तुम्हीच देणार भावा, आणि कट जास्त मागितला तरी गपगुमान द्यायचा. मोरिन्योची हेड कोच म्हणून पहिली नोकरीच बेनफिकात होती, सप्टेंबर २००० मध्ये. त्याआधी बार्सिलोनात बॉबी रॉबसन आणि मग व्हान गालच्या हाताखाली होता आणि लोक त्याला दुभाष्या म्हणून हिणवायचे. बेनफिकात तो आला युप हाइंकेसच्या जागी, हे नाव लक्षात ठेवा, खाली परत येणारे. मग क्लबात निवडणूक झाली, अध्यक्ष बदलला, नव्या अध्यक्षाच्या मनात कोच दुसराच होता. डिसेंबरात बेनफिकानं स्पोर्टिंगला ३-० हाणलं आणि लोखंड गरम आहे म्हणून मोरिन्योनं कॉन्ट्रॅक्ट वाढवून मागितलं, अध्यक्ष नाही म्हणाले आणि हा बॅग उचलून चालता झाला. तीन महिने पण धड झाले नव्हते. पोर्तो, चॅम्पियन्स लीग वगैरे सगळं त्यानंतरचं.

आणि परत येण्याची गोष्ट तर कुणी रचून सांगितली असती तर आपण म्हटलं असतं, काहीही फेकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मोरिन्यो तुर्कस्तानात फेनरबाचेचा कोच होता, चॅम्पियन्स लीगच्या प्लेऑफमध्ये समोर आलं बेनफिका. इस्तंबूलमध्ये ०-०, लिस्बनमध्ये बेनफिका १-०, गोल मारला केरेम आक्तुर्कोलूनं. दोन दिवसांत मोरिन्योची नोकरी गेली. गंमत म्हणजे तो गोल मारणारा आक्तुर्कोलू काही दिवसांतच फेनरबाचेत दाखल झाला! मग १६ सप्टेंबरला बेनफिका घरच्या मैदानावर २-० पुढे असताना काराबागकडून ३-२ हरलं, कोच ब्रुनो लाजला घरी पाठवलं (तो पण दुसऱ्यांदा आलेलाच होता बरं का) आणि १८ तारखेला मोरिन्यो हजर. म्हणजे ज्यांनी त्याला बेरोजगार केलं त्यांनीच तीन आठवड्यांत कामावर घेतला. एका तालमीतून दुसऱ्या तालमीत गेलेला माणूस शाहू स्टेडियमवर समोर आला की पब्लिक काय काय ऐकवतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तर पोर्तोला युरोपचा राजा करणारा माणूस लिस्बनच्या लाल जर्सीवाल्यांनी गळ्यात घालून घेतला, पंचवीस वर्षांनी. हरायला लागलं की क्लबवाले जुनं फार पटकन विसरतात, आणि फार पटकन आठवतात पण.

प्र. : माझा नवरा चेल्सीचा जुना फॅन. तो म्हणतो मोरिन्योचं २०१३ चं परत येणं फेल गेलं. मी म्हणते लीग जिंकला ना, मग फेल कसं? रोज जेवताना तेच. निकाल द्या. (एक वाचक, ठाणे)

उ. : ताई, निकाल देऊन तुमच्या घरात आग लावायची इच्छा नाही पण कागदावर तुम्ही बरोबर आहात. २०१३ च्या जूनमध्ये आला, पहिल्या वेळी स्वतःला 'स्पेशल वन' म्हणवणारा यावेळी म्हणाला मी 'हॅपी वन'. पहिलं वर्ष कोरडं, दुसऱ्या वर्षी लीग आणि लीग कप दोन्ही. इथंच पडदा पडला असता तर यजमानांना बोलायला जागाच नव्हती.

पण तिसरं वर्ष. ऑगस्ट २०१५, सीझनची पहिलीच मॅच, घरच्या मैदानावर स्वान्सी, स्कोअर २-२, गोलकीपर कुर्तवाला आधीच रेड कार्ड मिळालेलं म्हणजे टीम दहाची. अगदी शेवटी हॅझार्ड पडला, रेफ्रीनं बोलावलं म्हणून डॉक्टर एव्हा कार्नेरो आणि फिजिओ पळत आत गेले, आता नियम असा की मैदानात उपचार घेतले की प्लेअरला थोडा वेळ बाहेर यावं लागतं, म्हणजे चेल्सी नऊवर. मोरिन्यो तिथंच सगळ्यांदेखत भडकला आणि नंतर पण म्हणाला यांना खेळ कळत नाही. आपलं काम केलं म्हणून डॉक्टरला बोलणी! शेवटी त्यांनी क्लब सोडला, प्रकरण ट्रिब्युनलपर्यंत गेलं, २०१६ मध्ये समझोता झाला आणि क्लबनं जाहीर माफी मागितली. त्या दुपारपासून जे बिघडत गेलं ते १६ मॅचमध्ये ९ पराभव, टेबलात सोळावा नंबर, रेलिगेशनच्या (खालच्या डिव्हिजनला ढकलतात त्या) जागांच्या वर फक्त एक पॉइंट. १७ डिसेंबरला हातात नारळ. शेवटची मॅच कुठं हरला माहितीये? लेस्टरला, आणि लेस्टरचा मॅनेजर होता क्लाउडिओ रॅनिएरी, ज्याची खुर्ची २००४ मध्ये मोरिन्योला मिळाली होती. त्या वर्षी लीग पण लेस्टरनंच नेली.

माझं म्हणणं एवढंच की २००४ मध्ये टेरी २३ चा होता, लँपार्ड २६ चा, द्रोग्बा तर त्याच्याबरोबरच आला. ती पोरं त्याच्यासाठी भिंतीवर डोकं आपटायला तयार होती, ३८ मॅचमध्ये फक्त १५ गोल खाल्ले आणि ९५ पॉइंट काढले. २०१५ मध्ये टेरी पस्तिशीला टेकलेला, लँपार्ड नाही, द्रोग्बा एक वर्ष येऊन परत गेलेला. घराचा पत्ता तोच, आतली माणसं बदललेली, आणि हा बोलतोय मात्र जुन्याच सुरात. त्याच्यामागून गस हिडिंक आला, तो पण दुसऱ्यांदा, पण सीझन संपेपर्यंतच. लीगमध्ये सलग चौदा मॅच हरला नाही, नंबर दहावा आला, हात हलवून गेला. ह्याला म्हणतात पाहुणा.

प्र. : सर, परदेशातलं पुरे. कोच हबासला मी २०१६ मध्ये बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या डगआउटमध्ये पाहिलंय. पुण्यात काहीच जमलं नाही आणि कोलकात्यात गेला की ट्रॉफी. असं का? (एक वाचक, औंध)

उ. : बालेवाडीच्या त्या खुर्च्यांवर मी पण बसलोय हो, आणि चरफडलोय. अँटोनिओ हबास म्हणजे चेहऱ्यावर कायम कुणीतरी पैसे बुडवल्यासारखा भाव. पहिली आयएसएल (इंडियन सुपर लीग) आठवा, २० डिसेंबर २०१४, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, कोलकाता विरुद्ध केरळा, सचिनच्या टीमविरुद्ध गांगुलीची टीम म्हणून अर्धी मुंबई तिकडे लोटलेली. नव्वद मिनिटं ०-०, एक्स्ट्रा टाइम लागणार म्हणून लोक वडापाव आणायला उठले आणि इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरवर बदली आलेल्या मोहम्मद रफिकचं हेडर. संपलं. हबास पहिला आयएसएल चॅम्पियन कोच.

नंतर पुणे, तिथं प्लेऑफ पण नाही. मग २०१९ मध्ये पुन्हा कोलकाता आणि त्याच सीझनला ट्रॉफी. १४ मार्च २०२० ची ती फायनल, फातोर्ड्याला, कोरोनामुळं बंद दारामागं, चेन्नईला ३-१ हरवलं आणि टाळ्या वाजवायला स्टँडमध्ये चिटपाखरू नाही, प्लेअर ओरडलेले टीव्हीवर शब्द न् शब्द ऐकू येत होते. २०२१ च्या डिसेंबरात गेला. आणि जानेवारी २०२४ मध्ये, सीझन अर्धा झालेला, टीम गडगडलेली, तेव्हा तिसऱ्यांदा. आता क्लब मोहन बागानमध्ये मिसळलेला, नाव मोहन बागान सुपर जायंट, मग हा 'जुना क्लब' म्हणायचा का यावर बागानवाले आणि मी दिवसभर भांडू शकतो, पण मालक तेच. शेवटच्या लीग मॅचला मुंबई सिटीला शील्डसाठी (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळते ती) नुसता ड्रॉ पुरत होता, सॉल्ट लेकवर बागान २-१ जिंकलं, शील्ड त्यांची. तीन आठवड्यांनी ४ मे ला त्याच मैदानावर कपची फायनल, त्याच दोन टीम, आणि मुंबईनं ३-१ नं हिशोब चुकता केला, त्या रात्री मी काय केलं ते छापण्यासारखं नाही.

तुमच्या 'का' चं उत्तर माझ्या मते साधं आहे. कोलकात्यात त्याला काम मोजून दिलेलं असायचं: डिफेन्स बांध, गोल खाऊ नकोस, पुढं मारणारे आम्ही विकत आणतो. पुण्यात पुढं मारणारेच नव्हते तर नुसती भिंत बांधून काय चाटायचीय?

प्र. : हाइंकेस जर्मनीच्या बायर्न म्युनिकला चार वेळा कोच होता हे खरंय? (एक विद्यार्थी, नाशिक)

उ. : खरंय रे. पहिल्यांदा १९८७ ते ९१, दोन लीग जिंकून पण हाकलला, आणि हाकलणारे उली होनेस पुढं कायम म्हणत राहिले की ती माझी सगळ्यात मोठी चूक. २००९ ला शेवटच्या पाच मॅचपुरता. मग २०११ ते १३, जाताना लीग, कप, चॅम्पियन्स लीग तिन्ही, आणि रिटायर. गावाकडं शेतावरचं घर, बायको, कान्डो नावाचा कुत्रा, मजेत. ऑक्टोबर २०१७ ला होनेसचा फोन, वय ७२. तेव्हा बायर्न डॉर्टमुंडच्या पाच पॉइंट मागं होतं, एप्रिलमध्येच लीग जिंकलं, मे मध्ये सीझन संपला तेव्हा दुसऱ्या नंबरच्या शाल्कपेक्षा २१ पॉइंट पुढं. थांबा म्हणून क्लब मागं लागला होता. थांबला नाही.

प्र. : एवढं मिळवलेली माणसं परत जातातच कशाला? पैसा? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उ. : गुरुजी, पैसा असेल, पण लिव्हरपूलच्या केनी डॅलग्लिशचं बघा. १९८९ ला हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलची माणसं गेली, आकडा पुढं ९७ झाला, आणि हा मॅनेजर एका अंत्ययात्रेतून दुसरीत जात होता, एका दिवसात चार चार. आतून पार पिळवटला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये, एव्हर्टनशी ४-४ झाल्यावर दोन दिवसांनी, टीम टेबलात पहिली असताना राजीनामा दिला. वीस वर्षांनी, जानेवारी २०११ मध्ये, आखातात क्रूझवर असताना क्लबचा फोन आला आणि हा तिथून निघाला. असा माणूस पगार विचारत बसत नाही. पण त्याला बोलावलं होतं जुने दिवस परत आणायला, आणि ते कुणाच्या बापाला जमत नाही. लीग कप आणला, लीगमध्ये आठवा आला, मे २०१२ ला काढला.

केविन कीगनचं तर त्याहून वाईट. २००८ मध्ये न्यूकॅसलला परत आला तर प्लेअर कोण घ्यायचे ते वरून ठरायचं, एकाबद्दल सांगितलं की यूट्यूबवर बघून घे! हे ट्रिब्युनलच्या निकालात आहे हो, मी रंगवून सांगत नाहीये. आठ महिने पण टिकला नाही.

प्र. : कोच आन्चेलोत्ती? दुसऱ्यांदा रियाल माद्रिदला येऊन चार वर्षं राहिला आणि दोन चॅम्पियन्स लीग नेल्या. तुमचा सिद्धांत खड्ड्यात. (एक वाचक, मडगाव)

उ. : गेला खड्ड्यात, मान्य. फक्त एक बघा, २०२१ मध्ये तो परत आला तेव्हा पहिल्या वेळचे मॉड्रिच, क्रूस, बेन्झिमा, मार्सेलो, कार्व्हाहाल तिथंच होते. घरातली माणसं तीच असली तर राहायला जावं, मी कुठं नाही म्हणतोय.

प्र. : आपला कोच डेस बकिंगहॅम मुंबई सिटी अर्ध्यात टाकून गेला, ते पण परत जाणंच ना? (एक वाचक, दादर)

उ. : हो. ऑक्सफर्ड त्याचं गाव, तिथल्याच क्लबात तो कोचिंग शिकला, नोव्हेंबर २०२३ मध्ये बोलावणं आलं आणि आपल्याला सोडून गेला, मी तेव्हा फार चिडलो होतो. मग आपण त्याच्याशिवाय ४ मे ला कोलकात्यात कप उचलला आणि बरोबर दोन आठवड्यांनी त्यानं वेम्बलीवर बोल्टनला २-० हरवून ऑक्सफर्डला पंचवीस वर्षांनी दुसऱ्या डिव्हिजनला नेलं. दोघांचं बरं झालं म्हणून मी राग सोडून दिला. डिसेंबर उजाडला आणि गावच्याच पोराला ऑक्सफर्डवाल्यांनी काढून टाकलं, सात महिने झाले होते फक्त.