हॉलचे पडदे : आधी खिडकी बघा, मग कॅटलॉग

गणपती जवळ आले की पडद्यांचे प्रश्न सुरू होतात, ते दिवाळीपर्यंत संपत नाहीत. आणि नव्वद टक्के लोक सोफ्याचा फोटो पाठवतात, खिडकीचा नाहीच. खिडकी कुठल्या दिशेला आहे, ग्रिल आतून आहे का बाहेरून, जाळीचा ट्रॅक किती पुढे येतो हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार? असो. आलेल्या प्रश्नांपैकी थोडे घेते.

प्रश्न : भिंती ऑफ-व्हाइट, सोफा ग्रे, पडदे कुठल्या रंगाचे घेऊ? दुकानात मस्टर्ड आवडला होता.

दुकानातल्या लाइटखाली आवडला होता. हातभर कापड मागून घरी न्या (चांगला दुकानदार डिपॉझिट घेऊन देतो), खिडकीत टांगा, सकाळी बघा आणि रात्री ट्यूब लावून बघा, दोन्ही वेळा पटला तरच घ्या. आणि कुशन पडद्याच्याच कापडाची शिवू नका, हॉटेलची रूम वाटते.

प्रश्न : खिडकीखाली दिवाण आहे. पडदे जमिनीपर्यंत की खिडकीपुरते?

दिवाण हलणार नसेल तर खिडकीपुरते, चौकटीच्या खाली चार-सहा इंच.

प्रश्न : नागपूरला राहतो, हॉलला पश्चिमेची मोठी काच आहे. ब्लॅकआउट (उजेड अडवणारे जाड) पडदे लावले की एसीचं बिल अर्धं होतं असं ऐकलं, खरंय का?

कोणाकडून ऐकलं, विकणाऱ्याकडूनच ना? फरक पडतो, पण अर्ध्याबिर्ध्याची हमी कोणीही देऊ नये. ऊन एकदा काचेतून आत आलं की ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच राहते. म्हणून अस्तराची पांढरी बाजू काचेकडे हवी, म्हणजे थोडं ऊन परत बाहेर तरी जातं. खरा उपाय काचेच्या बाहेर ऊन अडवणं, म्हणजे बाल्कनीला बांबूची चिक, किंवा तुमच्याकडे मे महिन्यात लोक पाणी मारलेले वाळ्याचे पडदे लावतात ते. हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पण बाहेरून काही टांगायच्या आधी सोसायटीची परवानगी लागते का ते विचारा. आणि काचेला सन फिल्म लावायचा विचार असेल तर काच कुठली आहे ते काचवाल्याला दाखवून घ्या, चुकीच्या काचेवर गडद फिल्म लावली की काच उन्हाने तडकू शकते.

प्रश्न : हिंजवडीला नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालं. हॉलची खिडकी ८ फूट रुंद आहे, पडदे जमिनीपर्यंत हवेत. दुकानदार म्हणतो तीन पॅनेल (पडद्याचे सुटे भाग) पुरतील आणि शिलाई फ्री. अॅडव्हान्स देऊ का?

नका देऊ. आता जरा सविस्तर सांगते कारण हा प्रश्न वेगवेगळ्या नावांनी सारखा येतो आणि फसवाफसवी सगळी इथेच आहे.

खिडकी ८ फूट म्हणजे ९६ इंच. रॉड दोन्ही बाजूंना निदान ८-८ इंच बाहेर हवा, नाहीतर पडदा उघडला तरी काचेवरच राहतो. झाले ११२ इंच. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापड याच्या दुप्पट लागतं, म्हणजे २२४ इंच. बाजारात पन्हा (कापडाची रुंदी) साधारण ४८ किंवा ५४ इंच, ४८ धरला आणि दोन्ही कडा दुमडण्यात दोन इंच गेले तर हातात उरतात ४६. भागाकार करा, पाच पॅनेल येतात. तीन पॅनेलचे होतात १३८ इंच, म्हणजे रॉडच्या जेमतेम सव्वापट, पडदा ओढला की चादर वाळत घातल्यासारखा सपाट दिसणार. आतला पातळ शिअर (झिरझिरीत पडदा) असेल तर दुप्पटही कमीच पडतं, अडीचपट लागतं.

आता उंची. रॉडपासून जमीन ८ फूट असेल तर ९६ इंच, वरची-खालची दुमड मिळून १२ इंच, १०८ झाले. म्हणजे एका पॅनेलला पावणेतीन मीटर, पाचांना पावणेचौदा मीटर. मोठी डिझाइन असेल तर प्रत्येक पॅनेलला ती जुळवायला आणखी कापड जातं, ते कोटेशनमध्ये मोजलंय का विचारा. तीन पॅनेल सांगितले की एकूण आकडा छोटा दिसतो, म्हणून तुम्ही वरच्या रेटचं कापड पसंत करता, ही खरी गंमत. आणि 'शिलाई फ्री'मध्ये अस्तर, रिंगा, रॉड, ब्रॅकेट, फिटिंग यातलं काय फ्री ते कधीच लिहिलेलं नसतं. कागदावर घ्या : पन्हा किती, मीटर किती, पॅनेल किती, रिंगा किती. आयलेट पडद्याला (कापडातच रिंगा बसवलेल्या, त्यातून रॉड जातो) रिंगा समसंख्येतच हव्यात, विषम असल्या की एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी तुमच्याकडे बघत बसते.

माप बिल्डरच्या ब्रोशरवरून देऊ नका. पीओपी आणि फ्लोअरिंग झाल्यावर माणूस घरी येऊन टेप लावून मोजू दे, तो येत नसेल तर दुकान बदला. रॉड लांब आहे, मध्ये ब्रॅकेट लागेलच, नाहीतर वाकतो. ड्रिल मारायच्या आधी वरून वायर कुठून गेलीय ते इलेक्ट्रिशियनला विचारा, नवीन फ्लॅट असला तरी.

प्रश्न : चिपळूणला घर आहे, पावसाळ्यात पडद्यांवर काळे ठिपके पडतात. व्हॉट्सअॅपवर व्हिनेगरचा उपाय आला होता.

ती बुरशी आहे. व्हिनेगरने पडदा पुसाल, पण भिंतीत ओल असेल तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. खिडकीच्या कडेने पाणी झिरपतंय का ते आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा, तोवर नवीन पडदे घेऊ नका. घ्याल तेव्हा धुता येणारे पातळ पॉलिएस्टर घ्या, भिंतीला टेकणार नाहीत असे लावा. जाड ब्लॅकआउट तिथे नकोच.

प्रश्न : दक्षिणेच्या खिडकीला लाल पडदे लावावेत असं वास्तुवाले सांगतात, तुमचं मत?

लाल आवडत असेल तर लावा, फक्त दक्षिणेच्या उन्हात गडद लाल लवकर विटतो, तेव्हा अस्तर घाला.

प्रश्न : आमची नात दोन वर्षांची आहे. मुलगा म्हणतो हॉलला साखळीचे रोलर ब्लाइंड लावू, स्वच्छ दिसतात.

काकू, लोंबती साखळी किंवा दोरीचा फास नको म्हणजे नको. लहान मुलाच्या गळ्यात ती अडकते आणि आवाजही येत नाही. स्प्रिंगचे, बिनदोरीचे ब्लाइंड मिळतात, महाग आहेत, तेच घ्या नाहीतर साधे पडदे. आधीच साखळीचे लागले असतील तर साखळी ताणून भिंतीला पक्की करायचा क्लिप येतो, तो आजच फिटरला बोलावून लावून घ्या, आणि खिडकीजवळचा सोफा दुसरीकडे सरकवा, पोरं त्यावर चढतातच.

प्रश्न : घरी साखरपुडा आहे, आठ दिवस उरलेत. शिवून मिळतील का पडदे?

सीझनमध्ये? नाही. रेडिमेड घ्या, ७ फुटी की ९ फुटी ते रॉडपासून मोजून ठरवा, आणि किंमत एका नगाची आहे की जोडीची ते वाचा. लांब झाले तर गल्लीतल्या टेलरकडून खालून दुमडून घ्या, पण सुती असतील तर आधी एकदा धुवा, नंतर आटले तर वर लटकत राहतील.